गुळावरच्या माश्या

चामोर्शीच्या बाजारात गुळाचा वास आला आणि विद्यापीठातली आमची प्रयोगशाळा आठवली. आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी तिथे काचेच्या बाटल्यांत फळमाश्या पाळलेल्या. त्यांना आम्ही मका-गुळाची लापशी शिजवून घालायचो. उरलेल्या गुळाचा आमचा चहा. एका सकाळी पाहतो तर नव्या गुळाची लापशी घातलेल्या साऱ्या बाटल्यांत माश्या पंख ताणून मरून पडलेल्या. माझी सहकारी शालू हातातल्या रिकाम्या कपाकडे पाहतच राहिली.

"आपल्या चहात बी हाच गूळ होता न रे?"

आम्हाला काही झालं नाही. संध्याकाळी तर हसलोही. पण अजूनही गूळ घेताना मी आधी त्यावर जिवंत माशी शोधतो. आज समोरच्या ढेपेवर एकही नव्हती.

"काय पाहून राह्यले भाऊ?" खडा पुढे करत दुकानदार म्हणाला. "चाखा ना."