माळ्यावरची कियांती

वांगी भाजल्याचा वास आला की मला इटलीची लाल वाईन आठवते. तिकडे नोकरीला असलेला धाकटा भाऊ पहिल्या सुट्टीत धरणगावला येताना कियांतीची एक बाटली घेऊन आला. थोडी तुरट, थोडी आंबट, जांभळासारखी जिभेवर रेंगाळणारी. तेलातल्या झणझणीत जेवणावर फार छान लागते म्हणे. आपल्या भरताबरोबर ती वडिलांना, म्हणजे नानांना, पाजायची, एवढाच त्याचा हट्ट. नानांनी जन्मात असल्या कशाला हात लावला नव्हता, पण लेकासाठी ते तयार झाले. फक्त म्हणाले, "आज एकादशी शे. पुढच्या खेपेला पिऊ." दुसऱ्या दिवशी भाऊ परत जाणार होता. नानांनी बाटली धोतरात गुंडाळून माळ्यावर, पत्र्याखाली जपून ठेवली. मधे आमच्याकडचा, पत्रा तापवणारा उन्हाळा गेला. पुढच्या हिवाळ्यात शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली आणि भावाने बूच काढलं. वासानेच त्याचा चेहरा उतरला. वाईन बिघडून तिचा पार आंबट शिरका झाला होता. तो काही बोलायच्या आत नानांनी पेला रिकामा केला आणि डोळे मिटून म्हणाले, "चांगली शे, भाऊ." ती बिघडली आहे हे आम्ही त्यांना कधीच सांगितलं नाही. त्यानंतर भाऊ निघाला की नाना दर वेळी त्याच्या बॅगेत गुळाची भेली ठेवायचे आणि मला हळूच म्हणायचे, "पोऱ्या तठे असं आंबट पेस." लेक तिकडे रोज असलंच आंबट पितो, असं त्यांना वाटायचं. यंदा नाना नाहीत. भावाने नवी बाटली आणली, भरताबरोबर उघडली, आणि ती खरोखरच छान लागली. त्याने एकच घोट घेतला, पेला बाजूला सारला आणि विचारलं, "अक्का, घरात गूळ आहे?"