पितळी सॅडल

बाबा जालन्यात एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा गिटार माझ्याकडे आली. आता मी ती घेऊन गावोगावच्या कार्यक्रमांना जाते. बाई गिटार वाजवते म्हणून लोक टक लावून बघतात. बघू देत.

गेल्या वर्षी जुन्या गिटारी जमवणारे एक गृहस्थ पुण्याहून आमच्या घरी आले. आमची गिटार जपानी, माझ्याहून वयाने मोठी. गिटारीच्या अंगावर तारा जिच्यावरून जातात त्या धातूच्या पट्टीला, म्हणजे ब्रिजला, त्यांनी बोट लावलं आणि हा मूळचा नाही, नंतर कुणीतरी बसवलाय, असं सांगून टाकलं. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली ती टेकायला एक छोटी सॅडल असते. आमच्या पाच पांढऱ्या आणि सहावी पितळी, एवढ्यावरून त्यांनी ते ठरवलं होतं. बाबा खाली मान घालून ऐकत होते. मला ते बघवेना.

मी तारा काढल्या, स्क्रू सोडवले आणि पट्टी उचलली. बाहेरचा रंग उन्हाने विटकरी झालेला, पण पट्टीखाली तो अजून लालभडक होता आणि त्या लाल चौकोनाची कड पट्टीशी बरोबर जुळत होती. स्क्रू होते तेवढीच भोकं होती. पट्टीचा मुलामाही वाजवताना हाताची कड टेकते तिथेच उडालेला होता.

"दुसरा ब्रिज बसवला असता तर पहिल्याची भोकं कुठं गेली?" मी विचारलं.

त्यांनी मोबाईलचा उजेड पाडून बराच वेळ पाहिलं. मग ब्रिज मूळचाच आहे, आपण घाई केली, हे मान्य केलं. सहाव्या सॅडलचं बाबांनी सांगितलं. जाफराबादच्या एका कार्यक्रमात ती मधोमध तुटली. उरलेल्या पाच तारांवर त्यांनी कार्यक्रम निभावला आणि दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये पितळेच्या तुकड्यातून नवी बनवली.

गृहस्थांकडे बाकी पाचांसारखीच कंपनीची सॅडल होती. पितळी काढून ती बसवू, मग गिटार मी विकत घेतो, असं ते म्हणाले. बाबा लगेच कबूल झाले.

"बसवू दे की मंग," ते मला म्हणाले. "पुरी होईल."

"न्हाई," मी म्हणाले. "पाच कंपनीच्या आहेत, सहावी तुमची आहे. कुणी विचारलं तर मी हेच सांगणार. ती निघणार न्हाई आणि गिटार विकायची बी न्हाई."

गृहस्थ चहा घेऊन गेले. संध्याकाळी बाबा हळूच म्हणाले, "त्या पितळीत तारेची खाच जरा तिरपी कापल्ती मी. आवाज चिरकतो."

मला ते ठाऊक होतं. इतकी वर्षं मी तसंच तर वाजवत होते. खाच सरळ करायला त्यांनी कानस मागितली. मी दिली नाही. परवा बदनापूरच्या लग्नात मी ती तार मुद्दाम जोरात छेडली.