निराश उमरावांचा कैवारी

ज्यांनी माणसं गुरांसारखी विकली, त्या जमीनदारांच्या दुःखाने कासावीस होणारा, बौद्धवाड्यात वाढलेला माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? मी पाहिला आहे. सिंगापुरातल्या वुडलँड्सच्या एका फ्लॅटमध्ये त्याच्यासोबत तीन वर्षं राहिलो आहे आणि छातीठोकपणे सांगतो, रशियन उमरावांना त्यांच्या सख्ख्या आयांनीही इतका जीव लावला नसेल.

विद्यापीठात त्याचं संशोधनच त्यांच्या आत्मकथांवर होतं. आधी बालपण, बाग, घोडे, फ्रेंच शिकवणारा मास्तर. मग एके दिवशी उमराव आरशात बघतो आणि आपलं सगळं आयुष्य खोटं होतं हे त्याला कळतं. ते पान आलं की आमचा फ्लॅटमेट या जगात नसायचा. ट्रेनमध्ये असला तर वुडलँड्सच्या आधी यिशुन स्टेशनलाच उतरून फलाटावरच्या बाकावर बसायचा. "कुणाचा भ्रमनिरास उभ्याने वाचू नये," म्हणायचा. घरी असला तर वरण करपायचं. खालच्या हॉकर सेंटरच्या खाऊगाळ्यांतल्या कॉफीवाल्या अंकलनाही हे प्रकरण ठाऊक होतं. "टुडे युवर रशियन हॅपी ऑर नॉट?" ते विचारायचे. हा मान हलवायचा, "नॉट येट, अंकल." अंकल हळहळून कॉफीत दूध जरा जास्त घालायचे.

मी पुस्तिकांवर वाढलेला. वडील दलित चळवळीच्या सभांच्या दाराशी पुस्तिका विकायचे आणि मी त्यांच्या गठ्ठ्यावर बसून अक्षरं शिकलो. मला हे कसं सोसावं?

"सरकार, पुढे तुमच्या उमरावाने शेतावरचे गुलाम सोडले का?" मी विचारायचो.

"नाही. जेवायला बसला."

"मग रडताय कशाला?"

"कार्यकर्ते, कबूल तर केलं ना! स्वतःविरुद्ध स्वतःच साक्ष द्यायची, सोपं वाटतं तुम्हाला?"

त्याच्या पुस्तकांच्या समासात मात्र पेन्सिलीने जागोजागी लिहिलेलं असायचं: 'निराश झाले. जेवले.'

यंदा इथल्या मराठी मंडळींसाठी मी ही पुस्तिका काढायला घेतली आणि त्याच्याकडे लेख मागितला. त्याने स्वतःवर चार पानं दिली. तीन पानं वाचून मी पोट धरून हसलो. चौथ्यावर होतं ते असं: एका उच्चभ्रू कॉन्डो सोसायटीत मराठी लोकांच्या जेवणाला गेला असताना यजमानांनी हसतमुखाने "पूर्ण नाव काय तुमचं?" विचारलं. आडनावावरून जात कळेल म्हणून याने स्वतःचं आणि वडिलांचं नाव सांगितलं आणि आडनाव गिळलं. शेवटी एकच ओळ: 'निराश झालो. जेवलो.'

मी ते पान काढून टाकलं. आपला माणूस दबला, हे आपणच छापायचं? प्रूफ पाहून तो भांडला नाही. भांडला असता तर मी जिंकलो असतो. "कार्यकर्ते, तुम्ही मला शूर केलंत. मी तसा नव्हतो त्या दिवशी," एवढंच म्हणाला आणि भांडी घासायला उठला.

गेल्या महिन्यात त्याचा इथे राहण्याचा पास संपला. जाताना एकेका उमरावाला तो कागदात गुंडाळून खोक्यात ठेवत होता, म्हाताऱ्या माणसांना गाडीत बसवावं तसा, हलक्या हाताने. आता घरात काही करपत नाही. माझं जेवण दहा मिनिटांत उरकतं.

परवा मी फोन केला. म्हटलं, "ते चौथं पान छापू?" तो म्हणाला, "छापा. खाली नाव मात्र पूर्ण घाला."

हा लेख संपला की पुढचं पान तेच आहे. वाचा. त्याची कीव करू नका, शाबासकीही देऊ नका. त्याला दोन ओळींचं पत्र लिहा. पत्ता मी देतो. ज्यांनी कधी कुणाला आडनाव विचारलं असेल त्यांनी लिहा, ज्यांनी स्वतःचं गिळलं असेल त्यांनी तर लिहाच. आणि पत्राखाली सही करताना आपलं नाव पूर्ण लिहा.