कन्व्हर्टर नावाचा मध्यस्थ

नानाकाकांनी कापसाच्या जिनिंगमधली नोकरी सोडून असोद्यात केबल सुरू केली. चॅनेल मोजकेच होते, किस्से मात्र घराघरात नवे! एक सांगून होत नाही तोवर दुसरा घडलेला असायचा.

•

माझ्याकडे एकच काम होतं. काका गच्चीवर डिश हलवणार आणि मी खाली टीव्हीसमोर बसून "आलं!", "गेलं!" असं ओरडणार. मला वर्गात हजेरीसुद्धा मोठ्याने देता येत नाही. मी "आलं" म्हणेपर्यंत ते गेलेलं असायचं! शेवटी काकांनी रुमाल दिला. चित्र आलं की खिडकीतून हलवायचा.

समोरच्या घरात आठवडाभर चर्चा, "पोरगी रुमाल दाखवते तरी कोणाला?"

•

लांबच्या घरांपर्यंत सिग्नल पोचावा म्हणून सुमनवहिनींच्या गच्चीवर बूस्टरची पेटी बसवली होती. ती गरम राहायची. थंडीत दही लागत नाही, म्हणून वहिनींनी दुधाचं पातेलं पेटीवर ठेवलं आणि वरून गोधडी गुंडाळली! पेटी तापून बंद पडली आणि अर्ध्या गावाचं चित्र गेलं.

दही मात्र असं लागलं होतं की भांडायला गेलेले काका दोन वाट्या खाऊन आले.

•

जुन्या टीव्हींना मागे दोन स्क्रू असायचे, अँटेनाच्या चपट्या वायरसाठी. केबल गोल. ती थेट जोडली की पडद्यावर प्रत्येक माणसाशेजारी त्याची फिकट सावली उभी राहायची. काका मध्ये अंगठ्याएवढा कन्व्हर्टर बसवायचे आणि सावली गायब!

"हाई काय शे?" शेजारच्या अक्कांनी विचारलं.

"मध्यस्थ समजा, अक्का. वायरीची आणि टीव्हीची सोयरीक जुळवतो."

चार दिवसांनी सावल्या परत. अक्कांनी कन्व्हर्टर काढून दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवला होता!

"सोयरीक जमनी ना? मंग मध्यस्थले घरमा काबर ठेवाना?"

•

पण काकांची झोप उडवली ती आबांनी. आबा आमच्या भाऊबंदांत सगळ्यात मोठे. मागच्या आळीत त्यांचा शब्द शेवटचा. दुसरा एक केबलवाला तिथे टपलेलाच होता. आबा गेले की आळी गेली, आणि आळी गेली की काका परत जिनिंगच्या फाटकावर!

पडद्यावरच्या सगळ्याच माणसांबद्दल आबांची तक्रार एकच, "बठ्ठी माणसं दोन-दोन दिसतस."

काकांनी कन्व्हर्टर बदलला. दोन. वायर बदलली. दोन. नवा बूस्टर लावला. दोनच! मला तर चित्र अगदी स्वच्छ दिसत होतं. काकांनी आबांच्या मुलाला विचारलं, "भाऊ, तुला किती दिसतात?"

त्याने आधी आबांकडे पाहिलं. "आबा म्हणतात तेवढी."

सुनेने पदराआडून मान डोलावली. मग नातवंडांनाही दोन-दोन दिसायला लागली!

"नाना," आबांनी निकाल दिला, "आते त्या दुसराले बलावनं पडी."

काका कन्व्हर्टर परत खिशात ठेवायला लागले. मी दाराशी एकटीच, त्यांची हत्यारांची पिशवी घेऊन. आबांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी डोळे बारीक केले आणि सुनेवर ओरडले,

"अवं, या पोरी कव्हाच्या उभ्या शेतस! या माय, बसा दोन्हीजनी!"