ग्रंथपालांच्या गाडीचा व्हॉल्व

गॅरेजच्या पाटीवर त्याचं नाव काय लिहिलं होतं ते कुणी वाचलं असेल तर शपथ! सगळे त्याला 'कान' म्हणत. गाडी फाटकातून आत वळतावळताच हा हातातला पाना न सोडता ओरडायचा, "पुढचं डावं बेअरिंग गेलंय!" आणि ते गेलेलंच असायचं. हवेची गळती शोधायची तर हातभर रबरी नळीचं एक टोक स्वतःच्या कानाला लावायचा, दुसरं इंजिनावर फिरवायचा आणि दोन मिनिटांत बोट ठेवायचा. त्या कानाच्या जोरावर त्याने चाळीस वर्षं संसार केला.

आणि अडुसष्टाव्या वर्षी तोच कान फितूर झाला. जाडे आवाज शाबूत, पण शिट्ट्या, सुसकारे, बारीक सूं-सूं सगळं गुल. किटली ओरडत होती आणि हा शेजारी बसून पेपर वाचत होता, तेव्हा बायकोच्या लक्षात आलं.

"अहो, डॉक्टरकडे चला."

"बाहेर बोललीस तर बघ!"

झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हापासून तो साबणाच्या पाण्याचा डबा आणि ब्रश घेऊन काम करायला लागला. सांध्याला फेस लावायचा, बुडबुडा आला की गळती सापडली. गिऱ्हाईकाने विचारलं तर सांगायचा, "नवी पद्धत आहे." नवी कसली डोंबलाची! पंक्चर काढणारे आजोबांच्या काळापासून तेच करत आलेत.

तर अशात एका शनिवारी दुपारी ती लाल दोन दारांची गाडी फाटकात उभी राहिली. त्याने आधी गाडी ओळखली आणि मग चालवणारीला. ग्रंथपालांची मुलगी! चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची ती. वडिलांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"काका, उद्या गाडी विकतोय. आई म्हणते, मुकी पेटी दारात ठेवून काय करायचंय." तिने मांडीवरचं खोकं पुढे केलं. "पण एकदा, फक्त एकदा, तो आवाज घरासमोर व्हायला हवा. नवा व्हॉल्व आणलाय. तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

खोक्यात मुठीएवढा चकचकीत डंप व्हॉल्व होता. तो हातात घेतला आणि सव्वीस वर्षं झटक्यात मागे गेली.

ग्रंथपाल म्हणजे मोठं अजब प्रकरण. दिवसभर वाचनालयात लोकांना गप्प करणारा हा शिष्ट माणूस, आणि घेतली काय तर जुनी टर्बो गाडी! एका रविवारी असंच एक खोकं घेऊन आले. कानाने त्यांना समजावलं होतं, "हे बघा, टर्बो इंजिनात हवा कोंबतो. तुम्ही पाय उचललात की त्या हवेला जायला वाट राहत नाही. कंपनीचा व्हॉल्व ती गुपचूप आतच फिरवतो. हा बाहेर सोडणार, आणि जगाला कळणार."

"म्हणजे शूऽ करणार?"

"शूऽ करणार."

"मग माझीच गाडी शोभते!" म्हणत ग्रंथपाल इतके हसले की चष्मा इंजिनात पडला. दिवसभर दोघांनी मिळून व्हॉल्व बसवला. इंजिनाच्या ओढीने व्हॉल्व उघडणारी बारकी नळी त्याच्या तोंडावर बसेना, तेव्हा ग्रंथपालांनी थुंकी लावून ती स्वतः सरकवली आणि वर पुस्तकं शिवायचा निळा मेणदोरा घट्ट बांधला. स्प्रिंगचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवत कानाने असा आवाज लावून दिला की बस्स.

तेव्हापासून रोज संध्याकाळी चढ संपला, वळण आलं की ग्रंथपाल पाय उचलायचे. शूऽऽ! गाडी थांबायच्या आत वहिनी दार उघडायच्या आणि म्हणायच्या, "किल्ली न्यायला काय होतं हो तुम्हाला?" ग्रंथपालांनी घराची किल्ली कधी जवळ ठेवलीच नाही. काय दिवस होते!

तो कामाला लागला. जुना झिजलेला व्हॉल्व काढला, नवा बसवला, क्लिपा आवळल्या. बारकी नळी हातात आली. निळा दोरा अजून तसाच होता. ती टाकवेना. पुसली आणि तीच परत जोडली. सगळीकडे फेस लावला. एकही बुडबुडा नाही. मग उगाच जुन्या थाटात ऐकायची रबरी नळी कानाला लावली, मान डोलावली. "ओके! एकदम गप्प."

मुलगी चक्कर मारून आली. "काका, शूऽ नाही होत. फडफडतंय नुसतं. आणि उभी असतानाही बारीक सूं-सूं चालू आहे. येतंय ना ऐकू?"

"हल्लीचा मालच तकलादू," म्हणत त्याने स्क्रू अर्धा फेरा फिरवला. ती पुन्हा गेली, पुन्हा आली. तीच फडफड. त्याने पुन्हा स्क्रूला हात घातला, तेव्हा तिने हळूच इंजिन बंद केलं.

"काका, माझ्याकडे रोज एक तरी माणूस तक्ता पाठ करून येतो. दिसत काहीच नसतं, पण धडाधडा वाचून दाखवतो. मी त्याला हसत नाही."

"तुला काय म्हणायचंय?" तो खेकसला. "चाळीस वर्षं! चाळीस वर्षं मी..." तो टायरच्या चळतीवर बसला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने ग्रीसच्या हाताने पुसलं आणि तोंड काळं करून घेतलं.

"नाही येत ऐकू, पोरी. पाच वर्षं झाली. तुझ्या बापाच्या गाडीलाही फसवत होतो बघ मी."

त्याने भिंतीवरची रबरी नळी काढून तिच्या हातात दिली. "एक टोक कानाला. दुसरं मी सांगतो तिथे धर. घाई करायची नाही."

इंजिन सुरू झालं. तो बोटाने जागा दाखवत गेला, ती मान हलवत गेली. नाही, नाही, नाही. आणि निळ्या दोऱ्यापाशी ती दचकली. "इथे! केवढ्याने!"

त्याने कपाळावर हात मारून घेतला. जुनं रबर दोऱ्याखालीच चिरलं होतं. फेसाचा बुडबुडा येतो बाहेर पडणाऱ्या हवेला, ही नळी तर इंजिनाच्या ओढीने हवा आत खेचत होती! साबण तिथे काय करणार, कप्पाळ? मायेपोटी कुजकी नळी परत जोडली, त्याचं हे फळ. त्याने नवी नळी कापून घातली, पण दोरा तेवढा अलगद सोडवून नव्या नळीवर बांधला. मग ती ऐकत राहिली आणि तो स्क्रू फिरवत राहिला, पाव पाव फेरा, ती हात वर करेपर्यंत.

संध्याकाळी दोघं निघाले. चढ लागला, तिने गाडी दाबली. वळण आलं. तिने पाय उचलला.

त्याला काहीच ऐकू आलं नाही. तो तिच्याकडे वळला. "वाजला का गं?"

मुलगी ओठ चावून समोर बघत होती. गाडी अजून थांबलीही नव्हती, तोच घराचं दार उघडलं. वहिनी उंबऱ्यात आल्या, ओले हात पुसत, आणि दोन वर्षं न बोललेलं वाक्य सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"किल्ली न्यायला काय होतं हो तुम्हाला?"

हे मात्र त्याला लख्ख ऐकू आलं.