एका बाटलीच्या जागी तीन

त्या सोमवारचे आकडे मला अजून पाठ आहेत. देवासच्या एका खासगी दवाखान्यात पित्ताशयाचं ऑपरेशन, वेळ सव्वा तास, टेबलाभोवती पाच माणसं. स्नायू सैल करणाऱ्या औषधाची एक बाटली पुरते तिथे तीन लागल्या. तरीही पेशंट बाई मधेच दोनदा हलली. सर्जनचा हात वेळेवर थांबला म्हणून ती वाचली.

मी तेव्हा ठाणेदार होतो. दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा जुना सहायक ठाण्यात आला. नवा टेक्निशियन बाटलीतलं औषध काढून विकतो आणि पाणी भरतो, असं त्याने लेखी दिलं. सही करताना पुटपुटला, "अठरा वर्षं मी राबलो, अन् औषधांच्या कपाटाची चावी काल आलेल्याला!"

मी ते ऐकलं, पण नोंदवलं नाही. ती माझी चूक.

टेक्निशियनला तीन तास बसवलं. अटक झाली की नोकरी जाणार, पुन्हा कुठला दवाखाना दारात उभं करणार नाही, हे त्याला कळत होतं. तो एकच सांगत राहिला, "साहेब, पाणी असतं तर त्या दिवशीचे बाकी दोन पेशंट पण हलले असते ना? बाटल्या एकाच डब्यातल्या होत्या."

साठ्याची वही तपासली. डबा एक, पेशंट तीन, हलली एकटी ही. म्हणजे फरक औषधात नव्हता, बाईत होता.

त्या बाईच्या जबाबाला महिला आरक्षक, म्हणजे शिपाई, सोबत नेली. प्रश्न सुनेला, उत्तर सासूबाईंचं. "आमची सून ठणठणीत आहे हो! डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही." मी तेच लिहून उठणार होतो.

आरक्षक म्हणाली, "काकू, साहेबांसाठी चाय सांगता का जरा?" सासूबाई बाहेर जाताच ती खाटेवर टेकली. "ताई, माझ्या भावाच्या हिरड्या अशाच सुजल्यात. फिटच्या गोळ्या घेतो तो, त्यानेच. तू किती वर्षांपासून घेतेस?"

बाईला रडू फुटलं. "सहा. भाऊ धारहून आणून देतो. सासरी कोणाला ठाऊक नाही."

भूलतज्ज्ञांनी कपाळावर हात मारला. "त्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असल्या की आमच्या औषधाचा असर लवकर उतरतो. मी विचारलं होतं हो तिला. पण सासूबाईंसमोर."

धारच्या डॉक्टरांची चिठ्ठी आली आणि टेक्निशियन सुटला. सासरी आम्ही काही बोललो नाही. ते तिचं तिने सांगायचं.

वरून विचारणा झाली, "किसने पकड़ा?" आरक्षकाचं नाव मी अहवालात लिहिलं होतं, पण त्याआधी तीन शब्द घातले होते, 'मेरे निर्देश पर'. माझी नोकरी पंचवीस वर्षांची, तिची चार. हिरड्या मीही पाहिल्या होत्या, पण मला काही दिसलं नव्हतं, आणि तेच मला सलत होतं. सहीला पेन टेकवलं तेव्हा तो पुटपुटणारा सहायक आठवला. त्याची अठरा वर्षं, माझी पंचवीस. त्या दिवसापासून तक्रार वाचताना मी आधी हे बघायला शिकलो, की तक्रारदाराला काय मिळालेलं नाही.

ते तीन शब्द खोडले. पाचशे रुपये इनाम मंजूर झालं, ते तिलाच मिळालं.