लग्नपत्रिकेतले वॉल्टर साहेब

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझ्यासारख्याचं काम नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझ्याआधी सगळे मेंढरांमागे. त्यामुळे लिहायला बसलो की वाटतं, आता कुणीतरी मागून येऊन विचारणार — तुला कुणी सांगितले रे हे उद्योग? तरी लिहितोय. कारण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, खोलीतल्या मित्राला नाही. ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच.

सुरुवात कुठून करू? गाडीपासून करतो. गाडीबद्दल बोलणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

आमच्याकडे चौसाळ्याच्या हायवेवर ती गाडी दिसायला लागली तेव्हा मी शाळेत होतो. अमेरिकन कंपनीची. नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नाही. तोवर आमच्या भागात गाड्यांच्या दोनच जाती — नेत्यांच्या उंच पांढऱ्या, आणि मास्तर लोकांच्या लहान. ही मधली होती. लांब डिकी, जाळीवर चकचकीत बिल्ला, आणि दार असं जड की लावलं की 'धप्प' आवाज यायचा. लोक त्या आवाजावरच खूश. ठेकेदारांनी घेतली, आडतवाल्यांनी घेतली. बीडला काचेचं शोरूम झालं. सोयरिकीच्या बोलण्यात मुलगा काय करतो हे विचारायच्या आधीच कुणीतरी सांगून टाकायचं, "अमेरिकन गाडी हाय त्यांच्याकडं."

नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. मेंढरं सोडून ड्रायव्हर झाले. ते एका बागायतदाराची अशीच गाडी चालवायचे. बागायतदारानं मोठी घेतली, तेव्हा त्याची जुनी नानांनी घेतली. लगीनसराईत नेकनूरच्या आसपास नवरदेव आणायला नानांचीच गाडी असायची. त्यांची मुलगी सुरेखाताई, माझ्याहून थोडी मोठी. ती लहानपणापासून त्या गाडीला फुलं बांधायची — दुसऱ्यांच्या लग्नासाठी. नाना तिला म्हणायचे, "तुझ्या टायमाला मी सोता नेऊन घालीन. सासरच्या दारात धप्प आवाज झाला पायजे."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला तर ते विसरताच येत नाही.

मग कंपनी गेली. म्हणजे आपल्या देशात गाड्या बनवणं-विकणं बंद, अशी बातमी मोबाईलवर फिरली. बीडच्या शोरूमच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटली. पुढे तिथं गाद्यांचं दुकान आलं. ज्यांच्या दारात ती गाडी होती ते आधी गप्प झाले, मग एकेक जण विकायला लागला — साथ आली की लोक घाईघाईनं शेरडं विकतात ना, तसं. चहाच्या हॉटेलात नानांच्या बरोबरीचे लोक त्यांना डिवचायचे. "काय बे, अमेरिका गेली की तुला सोडून!" नाना बशीतला चहा ओढत म्हणायचे, "जाऊंदी. गाडी हितंच हाय ना?"

आणि गाडी खरंच होती. सुरेखाताईचं लग्न ठरलं, त्याच सुमारास तिचा डिझेलचा पंप गेला.

चौसाळ्याच्या शकीलभाई मिस्त्रींनी सांगितलं की साधा पंप हिला चालत नाही, कंपनीचाच पाहिजे. नाहीतर सोलापूरला अशीच एक ठोकलेली गाडी भंगारात उभी आहे, तिचा काढून आणू, चालेल. नाना म्हणाले, थांबा, आधी पोराला विचारतो. पोरगं म्हणजे मी.

ते बीडला माझ्या खोलीवर आले. बसले नाहीत. दारातच उभं राहून मोबाईलवरचा पंपाचा फोटो दाखवला आणि म्हणाले, "दत्ता, कंपनीला लिव्ह. तिकडं, अमेरिकेला. आमी काय लिवणार? तू कालेजात हाईस." त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. काम झालंच आहे असा आवाज होता तो.

मी लिहायला बसलोही. 'रिस्पेक्टेड सर' एवढं झालं. पुढे? पंपाला इंग्रजीत पंपच म्हणतात हे ठाऊक होतं, पण गेलाय, उभी आहे, लग्न आहे — हे कसं म्हणायचं? वर्गात इंग्रजीत शिकवायचे, मी शेवटच्या बाकावर मान हलवत बसायचो. घरी वाटायचं पोरगं फाडफाड बोलतंय. मीच तसं वाटू दिलं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा काय झालं ते सांगतोय. मी मोबाईल बंद केला आणि जेवायला गेलो.

नानांचा फोन आला. "लिवलंस का?"

मी म्हणालो, हो.

"मंग? काय मनले?"

इथं थांबता आलं असतं. उत्तर नाही आलं — एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मी म्हणालो, पाठवतो म्हणाले. कोण म्हणाले? तर एक साहेब आहेत. नाव काय? आणि माझ्या तोंडातून नाव निघालं — वॉल्टर. कुठून आलं, आजही सांगता येत नाही.

खोटं एवढ्यावर राहतं का कधी? नानांना माणसांचं वेड. त्यांना पंपापेक्षा साहेबात जास्त रस. दर फोनला विचारायचे — तिकडं पाऊसपाणी कसं हाय? सायब कोनच्या गावचे? पोरंबाळं किती? मी खोलीत येरझाऱ्या घालत उत्तरं द्यायचो. मला एका जागी उभं राहवायचं नाही. एकदा मी म्हणालो, त्यांना दोन मुली आहेत. मग नाना हळू म्हणाले, "आसं व्हय. मंग समजंल त्यांला."

तेव्हा तरी सांगायचं ना? नाही सांगितलं.

शकीलभाई सोलापूरला निघाले होते. नानांनी त्यांना अडवलं. "कंपनीचा नवा येतोय. दुसऱ्याच्या मेलेल्या गाडीचं काळीज कशापायी बसवू?" शकीलभाई म्हणाले, "नाना, कंपनीच ऱ्हायली न्हाई तर पंप कुठून येतो?" नानांनी माझं नाव सांगितलं. माझा पुतण्या सायबाशी इंग्रजीत बोललाय, म्हणाले. शकीलभाईंनी सोलापूरचा बेत सोडला. काही दिवसांनी सोलापूरची ती गाडी तुकडे होऊन गेली.

आता ते सांगायला हवं, ज्याच्याभोवती मी इतका वेळ घुटमळतोय.

आमच्याकडची लग्नपत्रिका तुम्ही पाहिली असेल. नवरा-नवरीची नावं शोधावी लागतात. आधी नेत्यांची नावं, फोटो. 'प्रमुख उपस्थिती' या मथळ्याखाली आमदारांपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे. त्यातले निम्मे येत नाहीत आणि कुणाला वाईटही वाटत नाही. नाव छापणं हाच मान. मी सुट्टीला गावी गेलो तर नानांनी माझ्या हातात पत्रिका दिली. हळदी-कुंकवाची बोटं लागलेली, पहिली, देवापुढे ठेवायची. म्हणाले, "वाच." मी वाचत गेलो. आमदारांच्या खाली, चेअरमनच्या वर, ठळक अक्षरात — मा. वॉल्टर साहेब, अमेरिका.

"येनार न्हाईत, म्हाईत हाय मला," नाना म्हणाले. "पर आपल्यासाटी येवढं करायलेत. नाव नको घालाय?"

मी पत्रिकेची घडी घातली. चांगली झाली म्हणालो.

गावात जिकडेतिकडे तेच. "नाना, सायबाला मटन चालतंय का डाळीची शिपी आमटी करायची?" — "सायब बसंल कुठं बे, मेंढराच्या वाड्यात?" नाना हसायचे. त्यांच्यामागे काकू म्हणायच्या, "हसू द्या. पंप आला की समद्यांची तोंडं बंद." ताई मात्र माझ्याशी वेगळंच बोलली. तिनं विचारलं, "येईल ना रे दत्ता? मी मैत्रिणीला सांगून ठेवलंय, आरशाला फुलं तूच बांध म्हणून. ह्या खेपेला मी बसनार ना." मी म्हणालो, येईल. डोळ्यांत बघून म्हणालो.

लग्नाच्या दिवशी गाडी धुऊन मांडवासमोर उभी होती. झेंडूच्या माळा, बिल्ल्यावर कुंकू. शकीलभाई पान्यांची पिशवी घेऊन सकाळपासून कडेला खुर्चीवर बसलेले. नानांनी बसवलं होतं. पार्सल आलं की लगेच बसवायचा, असं. बीडची एसटी आली की नाना मांडवातून बाहेर यायचे, कंडक्टरकडे बघायचे, परत आत जायचे. अक्षता पडल्या. जेवणं झाली. मी पाणी वाढत होतो. एकदा आमची नजरानजर झाली, तर त्यांनी मलाच हातानं सांगितलं — येईल, येईल, काळजी करू नको.

पाठवणीची वेळ आली. नवऱ्याकडच्यांची जीप तयार होती. ते म्हणाले, बसवा हिच्यात, उशीर होतोय. नानांनी ताईला हाताला धरून आपल्या गाडीत मागच्या सीटवर बसवलं, जावयांना शेजारी. दार लावलं. धप्प. मग स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि काच खाली करून भावकीतल्या पोरांना म्हणाले, "लावा रे हात. येशीपोत्तर."

आम्ही गाडी ढकलली. वाजंत्री पुढे, बाया मागे, मध्ये आम्ही. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी डिकीवर हात लावून ढकलत होतो. तळहाताखाली कंपनीचा मागचा बिल्ला. मागच्या काचेतून ताईचा पदर दिसत होता. नाना समोर बघत असे चालवत होते, जसं इंजिन चालू आहे — वळणावर हात बाहेर काढून इशारासुद्धा दिला. वेशीपाशी गाडी थांबली. ताई उतरली, जीपमध्ये बसली. नानांना खाली यायला थोडा वेळ लागला.

दोन-तीन दिवसांनी मी बीडला परत निघालो तेव्हा ते स्टँडवर सोडायला आले. म्हणाले, "त्या सायबाला लिव्ह. आमचं काय मननं न्हाई मनावं. त्यांचीबी काय आडचन आसंल. लेकीबाळी हायेत त्यांला."

मी म्हणालो, लिहितो.

तीही थाप.

गाडी वर्षभर दारात उभी राहिली. कोंबड्या खाली बसायच्या. मग भंगारवाला क्रेन घेऊन आला. नाना आता पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर जातात. सुरेखाताई दिवाळीला येते. मी शक्यतो ती गेल्यावर गावी जातो. नानांनी मला त्यानंतर वॉल्टर साहेबांबद्दल विचारलं नाही. काकूंनी ती पत्रिका देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवलीय. मी घरी गेलो की तिकडे बघत नाही, आणि न बघण्यातच माझा सगळा वेळ जातो.

गेल्या महिन्यात कॉलेज सुटल्यावर फाट्यावर उभा होतो. तसलीच एक गाडी समोर येऊन थांबली. तसाच बिल्ला. उतरलेले गृहस्थ दिंद्रुडचे, एका दुकानाचे मालक. मी न राहवून विचारलं, हिला पार्ट मिळतात का? ते म्हणाले, मिळतात की. कंपनी गेली, पण पार्ट द्यायचं तिनं चालू ठेवलंय. त्यांचाही मागे पंप गेला होता. दाराच्या आतल्या बाजूला स्टिकरवर फोन नंबर असतो, त्यावर त्यांनी फोन केला. आठवड्याच्या आत पार्सल आलं.

मी विचारलं, इंग्रजीत बोलावं लागतं का?

ते हसले. म्हणाले, कशाला? फोन उचलणारी पोरगी मराठीच बोलत होती.